पहिले गिऱ्हाईक

मे महिन्याची सुट्टी लागली की प्राध्यापकाला दोनच प्रकारचे फोन येतात. एक, 'आमच्या अमक्याचा पेपर कुणाकडे गेला असेल हो?' आणि दुसरा, 'आता तुला वेळच वेळ आहे, तेव्हा एवढे काम कर.' यंदा सांगलीहून ताईचा फोन आला तो दुसऱ्या प्रकारातला होता.

"तू दोन दिवस येऊन जा. पोरगे बिघडले," ताई म्हणाली.

पोरगे म्हणजे माझा भाचा. वय वर्षे ३०. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही, तेव्हा बिघडले म्हणजे काय झाले असावे याचा मला उलगडा होईना. मग हळूहळू कळले. पुण्याला हिंजवडीतली चांगल्या पगाराची नोकरी सोडून तो सांगलीला परत आला होता. त्याला हळदीचा धंदा करायचा होता. हळद दळायचे आणि पुड्या भरायचे यंत्र घ्यायचे, त्याचे दरपत्रकही कोइमतूरहून आले होते. किंमत १४ लाख. आणि पैसे? दाजींनी पाटबंधारे खात्यात ३६ वर्षे हिशेब लिहिले, त्या नोकरीचा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून २२ लाख पोस्टात आणि बँकेत ठेवलेले आहेत. त्यांतले.

"आणि वर मला म्हणतो, आई, काळजी करू नकोस, मी लीन पद्धतीने धंदा करणार आहे. अरे, लीन व्हायचे तर देवापुढे व्हावे. धंद्यात कसले लीन?"

मराठीच्या मास्तरला असा शब्द मिळाला की त्याची निम्मी सुट्टी सार्थकी लागते. इंग्रजीतला 'लीन' म्हणजे अंगावर चरबी नसलेला, सडपातळ. आपला 'लीन' म्हणजे नम्र. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण भाच्याने पाठवून दिलेले ते जाडजूड इंग्रजी पुस्तक गाडीत वाचताना मला राहून राहून वाटत होते, की ताईने नकळत केलेला अर्थच अधिक जवळचा आहे.

पुस्तक एरिक रीस या अमेरिकन गृहस्थाचे, २०११ साली निघालेले. हा मनुष्य संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. २००४ साली त्याने आणि सोबत्यांनी 'आयएमव्हीयू' नावाची कंपनी काढली. संगणकावर चित्ररूप बाहुले होऊन एकमेकांशी गप्पा मारायच्या, असा तो खेळ. यांनी खोलीत बसून अंदाज बांधला, की गप्पा मारायची साधने लोकांपाशी आहेतच, नवे कोण शिकत बसणार? तेव्हा आपले बाहुले जुन्याच साधनांना जोडून द्यावे. त्या जोडकामात सहा महिने रात्रीचा दिवस केला. माल बाजारात ठेवला, तर कुणी फिरकेना. शेवटी माणसे बोलावून समोर बसवली. ती म्हणाली, 'आमच्या मित्रांना यात कशाला ओढता? आधी आम्ही एकटे खेळून पाहतो.' आणखी एक नवे साधन शिकायची त्यांना मुळीच अडचण नव्हती! सहा महिन्यांचे ते सारे जोडकाम रीसला फेकून द्यावे लागले. मग त्याने स्वतःला विचारले, हे शिकायला सहा महिने लागायलाच हवे होते का?

त्याची सारी शिकवण या प्रश्नातून निघाली आहे. तुमच्या धंद्यात जे तुम्ही गृहीत धरले आहे ते आधी लिहून काढा. त्यातला जो अंदाज खोटा ठरला तर सारा डोलाराच कोसळेल, तो सर्वांत आधी पारखा. पारखण्यापुरताच माल बनवा, अधिक नाही. तो खऱ्या गिऱ्हाइकापुढे ठेवा, आणि गिऱ्हाईक काय म्हणाले यापेक्षा त्याने काय केले ते मोजा. मग त्याच वाटेने जायचे की वळण घ्यायचे, हे ठरवा. निक स्विनमर्न नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकनाने १९९९ साली जोड्यांचा धंदा असाच आरंभला. एक जोडाही विकत न घेता तो गावातल्या दुकानांत गेला, जोड्यांची छायाचित्रे काढली आणि इंटरनेटवर लावली. कुणी मागणी केली की दुकानात जाऊन पुऱ्या किमतीला जोडा घ्यायचा आणि धाडून द्यायचा. यात फायदा नव्हताच. पण न पाहता, पायात न घालता लोक जोडा विकत घेतात की नाही, एवढे त्याला कळले. पुढे त्याचीच 'झापोस' ही प्रचंड पेढी झाली.

आणि 'लीन' हा शब्द? तो जपानातून आला. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो याने मोटारी बनवण्याची जी काटकसरी रीत बसवली, तिला पुढे अमेरिकनांनी हे नाव दिले. त्या टोयोटाचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे, हे आमच्या इचलकरंजीकरांनी ऐकून ठेवावे. साकिची टोयोडाने असा माग केला, की सूत तुटले की माग आपोआप थांबे. चूक झाली तर पुढचे वारभर कापड खराब विणत बसायचे नाही, तिथेच थांबायचे. रीसने कापडाच्या जागी धंदा घातला, इतकेच.

पुस्तक असे निम्म्यावर आले होते आणि गाडी कऱ्हाडला आली. हे स्टेशन खरे तर ओगलेवाडीत आहे. घरोघरी टांगलेला प्रभाकर कंदील ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ओगलेवाडी म्हणजे काय हे सांगायला नको. पुढे शेणोली, टाकारी आणि मग किर्लोस्करवाडी. त्या पाटीसमोर गाडी थांबली आणि मी पुस्तक मिटून ठेवले. म्हटले, अमेरिकेची तिकिटे कशाला काढायची? ही गोष्ट तर इथे, आपल्याच फलाटावर घडून गेली आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव ठाऊक नाही असा मराठी मनुष्य नसेल, पण आपण बहुधा गोष्टीचा शेवटच सांगतो. कारखाना, वसाहत, पंप, इंजिने, मासिके. मला नेहमी ओढ वाटते ती त्या आधीच्या २२ वर्षांची. १८६९ साली बेळगावकडच्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेला, आणि तिथे कळले की त्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. रंग सोडले, रेघा धरल्या. यंत्रांची रेखाटने शिकला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. म्हणजे मास्तरच! मुंबईत सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. हा मुंबईत सायकली घ्यायचा आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवायचा. ते विकायचे, आणि घेणाऱ्याला चालवायला शिकवायचे. किर्लोस्कर बंधूंचे दुकान १८८८ सालचे. नोकरी चालू, धंदाही चालू. पुढे बढती डावलून दुसऱ्याला दिली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. पण तोवर दुकान उभे होते. ही गोष्ट तरुणांना आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त 'बाणेदारपणे राजीनामा फेकला' एवढेच सांगतो.

बेळगावात त्यांनी कडबा कापायची यंत्रे केली. नंतर लोखंडी नांगर केला. हा नांगर विकत घ्यायला पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन वर्षे गेली.

दोन वर्षे म्हणजे काय, याचा विचार करा. नांगर कोपऱ्यात उभा आहे. शेतकरी येतात, पाहतात, आणि लोखंडाने जमिनीला विष चढते असे म्हणून निघून जातात. आपण शिकली-सवरलेली माणसे या वाक्याला हसतो. मला त्यात हसण्यासारखे फार वाटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, आणि त्याला बलुते धान्यात मिळे. मोडला तर तोच दुरुस्त करी. हा नवा नांगर रोख पैसे मागत होता. त्याचा फाळ झिजला तर गावात कुणाकडे जायचे? तो ओढायला बैलांच्या जोड्याही जास्त लागणार, म्हणजे सावडीने शेजाऱ्याचे बैल आणायचे. आणि एवढे करून जमीन बिघडली तर खायचे काय? ज्याच्यापाशी एकच जमीन आहे त्याने प्रयोग दुसऱ्याच्या जमिनीत होऊ द्यावा, हा शहाणपणा आहे, अंधश्रद्धा नव्हे. विषाचे नुसते निमित्त.

लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगर ती उलथी करतो. आमच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ज्याने उपटून काढले आहेत त्याला या दोन क्रियापदांतला फरक समजावा लागत नाही. पण तो तास पडलेला डोळ्यांनी पाहावा लागतो, दुकानात उभ्या असलेल्या नांगराकडे पाहून तो कळत नाही. एकाने घेतला, शेजाऱ्याने बांधावर उभे राहून पाहिले, आणि नांगर चालू लागला.

मग बेळगावची जागा गावाच्या वाढीत गेली, तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंगाने भरलेली ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तिथे वसाहत उभी राहिली. औंध आता सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत; १९६० पर्यंत सांगलीलाही आपण दक्षिण साताराच म्हणत होतो. पण माझा मुद्दा असा, की १९१० साली कारखान्याची जागा मिळाली तेव्हा लक्ष्मणरावांच्या हातात नांगर विकला जातो हे उत्तर होते. आधी गिऱ्हाईक, मग ३२ एकर. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांना कळावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि तिचे केवढे मोठे मासिक झाले! वाचकाला औताच्या बातमीपेक्षा अधिक काही हवे होते, आणि ते शंकररावांनी ओळखले. रीस याला 'वळण घेणे' म्हणतो.

एवढे मनाशी जुळवेपर्यंत भिलवडीही आली. लिंबगोव्याहून आलेल्या भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ साली इथे दुधाचा धंदा मांडला. सातारा जिल्ह्यातली माणसे सांगलीकडे येऊन भरभराटीला येतात, ही नोंद मी साताराकर म्हणून खेदाने करतो.

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने संगणक उघडून सगळा आराखडा दाखवला. सांगलीची हळद, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेले. हरिपूरची पेवे, ज्यांतली कितीतरी २००५ च्या पुरात बुडाली, त्यांचा इतिहास पुडीवर छापायचा. पुडीचे चित्रही तयार होते, सुरेख होते. पुण्यात इतकी कुटुंबे, त्यांतली शेकडा अमुक आपली, दरमहा पाव किलो हळद. तिसऱ्या वर्षी यंत्राचे पैसे फिटतात.

दाजी शेजारी बसून सुपारी कातरत होते. ते एवढेच म्हणाले, "बाजारात तुरी."

मी म्हटले, "अरे, तू पाठवलेले पुस्तक मी गाडीत वाचले. त्यात यंत्र आधी घ्या असे कुठे लिहिले आहे ते मला सापडले नाही."

तो गप्प झाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मामा, यंत्र असल्याशिवाय लोक मला धंदेवाला समजणार नाहीत."

हे मला फार खरे वाटले. नोकरी सोडून घरी आलेल्या मुलाला दाखवायला काहीतरी लागते. शेजारी विचारतात, 'काय करतो हल्ली?' तेव्हा घरघर आवाज करणारे एखादे यंत्र असले तर उत्तर सोपे जाते. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग का असते, हे त्या रात्री मला प्रथम समजले.

मी त्याला किर्लोस्करांच्या सायकलींची आणि नांगराची गोष्ट सांगितली. ठरले ते असे. दहा किलो हळकुंडे व्यापाऱ्याकडून घ्यायची, कोपऱ्यावरच्या कांडपावर दळून आणायची, अन्नखात्याची नोंदणी तेवढी रीतसर करायची, आणि पाव किलोच्या ४० पुड्या पुण्यातल्या ४० घरांत पोचवायच्या. भाचा म्हणाला, पहिल्या पुड्या फुकट देतो. दाजी म्हणाले, "फुकट दिलेल्या वस्तूला कुणी नावे ठेवत नाही. पैसे घे." हिशेबनिसाचा हा शेरा रीसच्या पुस्तकातही असाच सापडावा इतका नेमका होता.

मी साताऱ्याला परत आलो, कॉलेज सुरू झाले, आणि पुन्हा सांगलीला गेलो तो दसऱ्याला.

दारातच वास आला, पण हळदीचा नव्हे. भाजलेल्या कांद्याचा आणि खोबऱ्याचा. ओसरीवर डबे, मोठी परात, वजनकाटा. दाजींनी चष्मा चढवून हिशेबाची वही पुढे ठेवली. ४० घरांनी हळद घेतली होती. जवळजवळ सगळ्यांनी चांगली आहे म्हणून कळवले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा मागणी केली ती तीन घरांनी. दसऱ्यापर्यंत ११.

"हळद आवडली, मग घेत का नाहीत, हे मला कळेना," भाचा सांगू लागला. "शेवटी एकेकाला फोन केले. सगळे म्हणाले, अहो, ती अजून संपली नाही!"

ताई आतून म्हणाली, "मला विचारले असतेस तर मी सांगितले असते. आपल्या चौघांच्या घराला वर्षाला किलोभर हळद पुष्कळ होते."

दरमहा पाव किलो, म्हणजे वर्षाला तीन किलो. भाच्याचा तो सुरेख आराखडा या एका आकड्यावर उभा होता, आणि तो तिपटीने चुकीचा होता. १४ लाखांचे यंत्र दारात आले असते तर ते महिन्यातले वीस दिवस बंद राहिले असते. आणि खरे उत्तर सबंध वेळ स्वयंपाकघरात, त्याच्यापासून दहा पावलांवर, पोळ्या लाटत होते. पी हळद नि हो गोरी ही म्हण आम्ही घाईच्या माणसाला लावतो. हळद किती लागते हे मात्र कुणी विचारत नाही.

भाच्याने मग मला जो प्रश्न विचारला त्याने मी जरा अडचणीत आलो. "मामा, मग हळद सोडायची का? तुम्हीच सांगितले होते, लक्ष्मणरावांनी दोन वर्षे नांगर सोडला नाही. पुस्तकाप्रमाणे त्यांनी वळण घ्यायला हवे होते."

प्रश्न चांगला होता. रात्री अंथरुणात पडल्यावरही तो माझ्या डोक्यात होता. सकाळी चहा घेताना मी त्याला म्हटले ते असे. नांगराला नाही म्हणणाऱ्याने नांगर आपल्या रानात चालवून पाहिला नव्हता. त्याच्या नकाराचे कारण अनुभव नसणे हे होते, आणि अनुभव देता येतो. तुझ्या गिऱ्हाइकांनी हळद खाल्ली आहे, ती त्यांना आवडली आहे, आणि तरीही वर्षाला किलोच लागते. तू पुण्यात तंबू ठोकून बसलास तरी कुणी भाजीत तिप्पट हळद घालणार नाही. लक्ष्मणरावांना थांबता आले याचे आणखी एक कारण आहे. नांगर विकला जात नव्हता तेव्हा दुसरा माल विकला जात होता. तू दाजींच्या फंडावर थांबणार आहेस. नकार न अनुभवलेल्याचा की अनुभवलेल्याचा, एवढे रीसने आणखी फोड करून सांगायला हवे होते, असे माझे मत आहे.

पण मग ओसरीवरचा तो कांदा? त्या ११ घरांनी हळदीची दुसरी पुडी मागवताना एक गोष्ट जाता जाता विचारली होती: "तुमच्याकडे घरचा कांदालसूण मसाला मिळेल का?" सांगली-कोल्हापूरकडची माणसे पुण्यात नोकरीला गेली तरी त्यांची जीभ इकडेच असते. हळद चिमूटभर लागते, मसाला रोज चमचाभर. ताईने पहिल्यांदा पाच किलो करून दिला, मग १२, आणि दसऱ्याच्या महिन्यात ३०. घरे ४० च्या जागी २४ च झाली होती, पण ती दर महिन्याला मागत होती.

भाचा आनंदात होता. आराखडा पुन्हा उघडला. किलोला ६०० रुपये. मिरची, खोबरे, लसूण आणि बाकीचा जिन्नस ४३०. कांडप, पुडी आणि टपाल ९०. शिल्लक ८०. माझी नजर एका ओळीवर अडकली. 'मजुरी' असे लिहिलेले होते आणि समोर शून्य.

मी ताईच्या हाताकडे पाहिले. उजव्या मनगटाला तिने पट्टी गुंडाळली होती. खोबरे किसून, कांदा परतून, परातीत मसाला कालवून ते सुजले होते. वय ६३.

"दुखते का?" मी विचारले.

"दुखते थोडे. पोराचे होतेय ना," ती म्हणाली.

आमच्याकडे उद्योगाच्या जितक्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांत हे शून्य कुठेतरी असतेच असते. कारागीर किती होते, भांडवल किती होते, हे छापले जाते. भाकऱ्या कुणी थापल्या याची नोंद कमी सापडते. 'अत्यल्प खर्चात प्रयोग' असे अमेरिकन पुस्तकात म्हटलेले असते, तेव्हा आपल्या घरात तो खर्च बहुधा आईच्या खाती पडतो, आणि ते खाते कुठल्याही वहीत नसते. पारखायचा मोठा अंदाज हाच होता: मसाला विकला जातो की नाही हा नव्हे, तर मजुरी देऊन तो परवडतो की नाही हा. तो तर अजून कुणी पारखलाच नव्हता.

दाजींनी पेन्सिल घेतली. गल्लीतल्या बाईला दिवसाचे ३५० रुपये. ताई दिवसाला पाच किलो करते. म्हणजे किलोला ७०. शिल्लक ८० मधून ७० गेले.

"दहा रुपये," दाजी म्हणाले. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही.

भाच्याचा चेहरा उतरला, पण ते पाहून मला वाईट वाटले असे म्हणता येणार नाही. कारण तो उठला, आत गेला, आईच्या हाताला तेल लावून दिले, आणि बाहेर येऊन म्हणाला, "भाव वाढवून पाहतो. ७०० सांगतो, आणि का वाढवला तेही सांगतो. नाही म्हणाले तर नाही म्हणाले." त्याच संध्याकाळी त्याने २४ घरांना कळवले, की पुढचा मसाला पगारी हातांनी होईल आणि किलोला ७०० रुपये पडतील. चार दिवसांत १५ घरांचे होकार आले, दोघांनी स्पष्ट नाही म्हटले, सात गप्प आहेत. दाजींनी वहीत तीन रकाने आखले आहेत. यंत्राचे दरपत्रक त्याच वहीत मागच्या पानाला टाचून ठेवले आहे. कोइमतूरची मंडळी अधूनमधून फोन करतात.

आता शेजारच्या दोन बायका कामाला येतात. ताई मिरची निवडते आणि चव पाहते. कालवायला हात लावायचा नाही असा दाजींचा हुकूम आहे. आणि मागल्या महिन्यांतले तिचे १६ दिवसांचे काम धरून ५,६०० रुपये तिला द्यायचे ठरले. मी निघायच्या दिवशी सकाळी दाजींनी रीतसर पावती तयार केली, आणि ५,००० च्या वरची रक्कम आहे म्हणून भाच्याला रेव्हेन्यू तिकीट आणायला पिटाळले.

"घरातल्या घरात कसले तिकीट?" ताई म्हणाली.

"खात्यात मी कुणालाही तिकिटाशिवाय पैसे दिलेले नाहीत," दाजी म्हणाले.

तिकीट आले, चिकटवले. ताईने पट्टी बांधलेल्या हाताने, अर्धी तिकिटावर अर्धी कागदावर, सही केली आणि नोटा दोनदा मोजल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी चुकेल तुझी. आणि मसाला नेणार असशील तर ७०० रुपये किलो आहे."